करंगळीला विचारून

पंखा बंद, ट्यूबलाइट बंद,
मोबाइल बाहेर मुलाजवळ.
विजेची जराशी कुजबुज झाली
तरी माझ्या पडद्यावर गवत उगवतं.

रास्ता पेठ, तिसरा मजला, डिसेंबरातले साडेनऊ.
मोरेश्वर निजामपूरकर, वय चौसष्ट,
राहणार तांबट आळी.
तक्रार: रात्री हात मरतो,
पहाटे झटकून झटकून जिवंत करावा लागतो.

हात गार होता. गार हातातून निरोप रमतगमत जातो
आणि मशीन नसलेला आजार सांगतं.
म्हणून आधी गरम पाण्याची पिशवी, दहा मिनिटं.
ती त्यांनी दोन्ही तळव्यांत पोटाशी धरली,
अर्धवट घडलेलं भांडं धरावं तशी.

इलेक्ट्रोड चिकटेना. तळहाताला पन्नास वर्षांचे घट्टे.
बारीक खरकागदानं घासायला लागले तर म्हणाले,
"घास पोरी, घास. आम्ही चिंच लावतो."

"आता धक्का बसेल."
"काय?"
"धक्का! बसेल!"
"कुणाला?"
मुलगा दारातून म्हणाला, बाबांना ऐकू येत नाही.
सतत तांब्यावर हातोडा,
आमच्या आळीत सगळेच ओरडून बोलतात.

मग ठरलं, धक्क्याआधी बोटावर टिचकी द्यायची.
अंगठ्यावर दिली. ते माझ्याकडे बघत राहिले.
तर्जनीवर. मधल्या बोटावर.
निरोप पोचतच नव्हता.
करंगळीला नुसता हात लावला,
लगेच, "हां."

तर सगळी तपासणी आम्ही
करंगळीला विचारून केली.
टिचकी, धक्का.
टिचकी, धक्का.
अंगठा आपला आपण उडायचा
आणि ते त्याच्याकडे बघायचे
शेजाऱ्याच्या खोडकर पोराकडे बघावं तसे.

टेप लावली. कोपर ते मनगट, बावीस सेंटिमीटर.
तिथवर वेग सेकंदाला चौपन्न मीटर,
तिशीतल्या माणसाला शोभेल असा.
मनगटाच्या पुढे मात्र
रेघ सरळ, सरळ, अजून सरळ,
आणि सहा पूर्णांक आठ मिलिसेकंदांनी
एक बुटकी टेकडी.
ती चाराच्या आसपास यायला हवी होती.

एवढ्याशा उशिरात पापणीसुद्धा लवत नाही.
यांचं मात्र गेलं:
सदऱ्याचं बटण, खिशातली सुटी नाणी,
आणि मठार.

मठार म्हणजे हंड्याच्या अंगावरचे हातोडीचे ठसे,
एकाला एक खेटून. त्यांनीच समजावलं.
ते डोळ्यांनी तपासायचे नसतात,
तांबं चकाकतं आणि खोटं बोलतं.
बोट फिरवायचं. कुठे घाव राहिला ते बोट सांगतं.
"आता बोट बोलत नाही," म्हणाले.
"हंडा काय, फरशी काय, सारखीच."

एरवी इथे मी लक्ष्मी रस्त्याचं उदाहरण देते,
दिवाळीच्या आदल्या संध्याकाळचं. पेशंट हसतात.
त्यांना ते ओरडून सांगायला जिवावर आलं.
मी आपलंच मनगट मुठीत आवळून दाखवलं.
"गळा आवळलाय होय! पोट ठीक आहे."
मला कळायला वेळ लागला, ते हंड्याबद्दल बोलत होते.
"गळा मोकळा करता येतो. तापवून."
इथे कापून, असं मी म्हटलं नाही.
ते डॉक्टरांनी सांगायचं असतं.

जेल पुसायला कापूस दिला, तो पडला.
त्यांनी वाकून उचलला
शेवटच्या दोन बोटांत, चिमट्यात धरावा तसा.

जाताना माझ्या स्टीलच्या ट्रेवरून
त्यांनी सहज करंगळी ओढली
आणि एका जागी थांबवली.
"पोचा आहे इथे."

सहा वर्षं हा ट्रे मी वापरते.
ते गेल्यावर दिवा लावला,
तिरका धरून बघितला,
काही दिसलं नाही.

बाहेर पुढचा पेशंट खोकला.
मी हातमोजा काढला.